बाटलीत काय उरते: वाइनमधील ‘सत्तर रसायनां’च्या संदेशाचा प्रतिवाद

नाताळ आणि वर्षअखेर जवळ आली की मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर वाइनविषयीचा एक लांबलचक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: वाइनमध्ये सत्तरहून अधिक रसायने घालण्याची कायद्यानेच मुभा दिली आहे आणि ती सगळी पिणाऱ्याच्या पोटात जातात, तिच्यात माशाचे मूत्राशय, अंडी आणि बैलाचे रक्त असते, शेतातले डीएपी, फवारणीचे मोरचूद, सायनाइड आणि मालवणीत माणसांचा बळी घेणारे मिथेनॉलही असते, वरून आम्ल ओततात, ऑस्ट्रियात तर वाइनमध्ये गाड्यांचे अँटिफ्रीझ सापडले होते, डोके दुखते ते सल्फाइटमुळे, युरोपातली वाइन सल्फाइटविना बनते, नाशिकची मात्र त्याच्याशिवाय बनत नाही, पूर्वी वाइन म्हणजे केवळ द्राक्षे होती, आणि कंपन्या हे सारे लपवतात, म्हणून ‘नैसर्गिक’ किंवा घरी केलेली वाइन घ्यावी, ती कितीही प्यायली तरी बाधत नाही.

या संदेशात काही गोष्टी खऱ्या आहेत, काही अर्धवट आहेत आणि काही निखालस खोट्या आहेत. तो इतक्या लोकांना पटतो याचे कारण असे की खऱ्या गोष्टी आधी येतात आणि खोट्या त्यांच्या आधाराने पुढे सरकतात. वाइनची वकिली करणे हा या लेखाचा हेतू नाही. परंतु लोकांना चुकीच्या गोष्टीची भीती घातली की खऱ्या धोक्याकडे त्यांचे दुर्लक्ष होते, आणि या संदेशाच्या शेवटच्या वाक्यात नेमके तेच घडले आहे, म्हणून त्यातील प्रत्येक मुद्द्याचा विचार करणे मला आवश्यक वाटते.

सगळा संदेश ज्या एका गोंधळावर उभा आहे तो आधी दूर केला पाहिजे. वाइन बनवताना वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांचे दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग मिश्रकांचा. सल्फर डायऑक्साइड किंवा टार्टारिक आम्ल घातले जाते ते बाटलीत राहावे आणि तिथे आपले काम करावे याच हेतूने. दुसरा वर्ग प्रक्रियेतील साहाय्यक द्रव्यांचा. ही द्रव्ये टाकीत घालतात, ती नको असलेल्या घटकाला चिकटतात, त्याच्यासह तळाशी बसतात, आणि वरची निवळ वाइन दुसऱ्या टाकीत काढून घेतली की गाळाबरोबर बाहेर जातात. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळत असताना भेंडीचा चिकट रस घालतात, तो मळी धरून वर आणतो आणि ती मळी काढून टाकली जाते. म्हणून गुळाच्या ढेपेत भेंडी आहे असे कोणी म्हणत नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमावलीत प्रत्येक द्रव्यापुढे ते मिश्रक आहे की साहाय्यक द्रव्य, याची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत केलेली आहे. संदेश लिहिणाऱ्याने हा रकानाच पुसून टाकला आहे. साहाय्यक द्रव्याचा अंश कधीच उरत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. तो कधी कधी अत्यल्प प्रमाणात उरतो, आणि त्याची दखल कायद्याने कशी घेतली आहे ते पुढे येईलच.

सत्तरहून अधिक हा आकडा अमेरिकेच्या संघीय नियमांतील परवानगीच्या यादीशी जुळतो. ती यादी उघडून वाचली तर तिच्यात नायट्रोजन वायू आहे, ऑक्सिजन आणि दाबाखालची हवा आहे, ओकच्या लाकडाचे तुकडे आहेत, यीस्ट आहे, अंड्यातला पांढरा बलक आणि दूध आहे, कॅल्शियम कार्बोनेट आहे आणि बेंटोनाइट नावाची मातीही आहे. परवानगीची यादी याचा अर्थ एवढाच की तिच्याबाहेरचे काहीही वापरता येत नाही. एखादी वाइनरी त्यातली मोजकीच द्रव्ये वापरते, कारण प्रत्येक द्रव्य एका विशिष्ट दोषावरचा उपाय असते आणि सगळे दोष एकाच टाकीत एकत्र येत नाहीत. बेंटोनाइटचेच पाहा. पांढऱ्या वाइनमध्ये द्राक्षातली काही प्रथिने विरघळलेली असतात; ती थंड तळघरात दिसत नाहीत, पण मे महिन्यातल्या मुंबईत बाटली पंख्याखालच्या फळीवर काही आठवडे राहिली की उष्णतेने ती उलगडतात, एकमेकांना चिकटतात आणि वाइन गढूळ होते. बेंटोनाइटच्या कणांवर ऋण भार असतो आणि वाइनच्या आम्लात या प्रथिनांवर धन भार असतो, त्यामुळे ती मातीला चिकटून तळाशी जातात. गढूळपणा आरोग्याला अपायकारक नसतो. तो गिऱ्हाइकाला नको असतो, इतकेच. आपल्या कच्छमध्ये आणि बाडमेरमध्ये खणून काढली जाणारी ही माती ‘रसायन’ म्हणून मोजायची की नाही, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगायला हवे होते.

याच यादीविषयी एक तक्रार मात्र योग्य आहे आणि ती मी दडवणार नाही. रुबिरेड नावाच्या गडद गराच्या द्राक्षापासून केलेला दाट, गोड अर्क, जो ‘मेगा पर्पल’ या नावाने विकला जातो, तो कॅलिफोर्नियातल्या अनेक स्वस्त लाल वाइनमध्ये रंग आणि गोडवा वाढवण्यासाठी घातला जातो आणि तेथील लेबलवर त्याचा उल्लेख नसतो. तो विषारी नाही, द्राक्षाचाच आहे. परंतु पिणाऱ्याला जो गडदपणा त्या मळ्याचा आणि त्या वर्षाचा वाटतो तो वास्तविक त्या अर्कातून आलेला असतो. ही फसवणुकीच्या जवळ जाणारी गोष्ट आहे असे माझे मत आहे. संदेशाने नेमकी हीच गोष्ट सोडून दिली आहे.

आता मासे, अंडी आणि रक्त. वापरले जाते ते माशाचे मूत्राशय नव्हे, तर वाताशय, म्हणजे माशाला पाण्यात तरंगत ठेवणारी हवेची पिशवी. मुंबई-पालघरच्या कोळ्यांना हे वेगळे सांगायला नको, कारण घोळ माशाच्या याच पिशवीला, बोताला, माशापेक्षा जास्त भाव मिळतो. अशी पिशवी वाळवून केलेले कोलॅजन पांढऱ्या वाइनमधले बारीक कण धरून खाली नेते. अंड्यातला पांढरा बलक लाल वाइनचा तुरटपणा कमी करतो. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये २२५ लिटरच्या पिंपाला साधारण चार ते सहा अंडी पुरतात. दोन्ही पद्धती खऱ्या आहेत, जुन्या आहेत, आणि दोन्ही द्रव्ये गाळाबरोबर बाहेर जातात. बैलाच्या वाळवलेल्या रक्ताचाही वापर पूर्वी होत असे. परंतु गाईगुरांच्या मेंदूच्या रोगाची साथ आल्यानंतर १९९७ मध्ये युरोपीय संघाने त्याच्यावर बंदी घातली, आणि अमेरिकेच्या परवानगीच्या यादीत ते नाही. तेव्हा आजच्या बाटलीत बैलाचे रक्त असते, हे विधान चुकीचे आहे.

येथे मुंबईतल्या शाकाहारी आणि जैन वाचकांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो अंशाच्या मोजमापाने सुटणारा नाही. अंश उरला नाही तरी स्पर्श झाला, ही त्यांची हरकत आहे. ती श्रद्धेची बाब आहे आणि तिचा मान राखूनच उत्तर दिले पाहिजे. भारतात मद्यांना शाकाहारी-मांसाहारीच्या हिरव्या किंवा तपकिरी चिन्हाची सक्ती नाही, त्यामुळे काही उत्पादक ते स्वतःहून छापतात आणि बाकीचे छापत नाहीत. ज्यांना ही काळजी आहे त्यांनी उत्पादकाला थेट विचारावे की वाइन कशाने निवळली. बेंटोनाइट, वाटाण्याचे किंवा बटाट्याचे प्रथिन, कोळशाची पूड, किंवा काहीच न घालता केवळ वेळ देऊन गाळ बसू देणे, हे सगळे पर्याय आज उपलब्ध आहेत आणि अनेक वाइनऱ्या तेच वापरतात. अंड्याची किंवा दुधाची अॅलर्जी असणाऱ्यांसाठी युरोपीय संघाने १ जुलै २०१२ पासून नियमच केला: वाइनमध्ये लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅमइतका अंश जरी तपासणीत आढळला, तरी लेबलवर तसे लिहावे लागते.

डीएपी आणि मोरचूद हे शब्द संदेशात मुद्दाम निवडलेले आहेत, कारण महाराष्ट्रात ज्याचा शेतीशी दुरून जरी संबंध आहे त्याला ते माहीत असतात. हा मुद्दा थोडा तपशिलात जाऊन पाहिला पाहिजे, कारण या दोन्हींचा एकमेकांशी कार्यकारणाचा संबंध आहे. साखरेचे मद्यार्कात रूपांतर करणारे यीस्ट हा जिवंत जीव आहे आणि त्याला वाढण्यासाठी नायट्रोजन लागतो. द्राक्षाच्या रसात तो पुरेसा नसला, तर उपाशी यीस्ट रसातल्या गंधकयुक्त घटकांवर अशी प्रक्रिया करते की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि अख्ख्या टाकीला कुजक्या अंड्यांचा वास येऊ लागतो. हे टळावे म्हणून खाद्यदर्जाचे डायअमोनियम फॉस्फेट, म्हणजेच डीएपी, अगदी थोडे घातले जाते; युरोपात त्याची कमाल मर्यादा लिटरमागे १ ग्रॅम आहे. त्यातला अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन यीस्ट खाऊन टाकते आणि आंबवण संपल्यावर मेलेल्या यीस्टबरोबर तो गाळात जातो. खतदुकानातली गोणी आणि हे द्रव्य यांचे रासायनिक सूत्र एक आहे, पण शुद्धतेचा दर्जा एक नाही.

पोषण कमी पडले आणि वास आलाच, तर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, कामाला येते. तांबे त्या गंधकाला धरते, कॉपर सल्फाइडचा न विरघळणारा साका तयार होतो आणि तो गाळून काढतात. युरोपीय नियमाप्रमाणे लिटरमागे जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम मोरचूद घालता येते आणि प्रक्रियेनंतर वाइनमध्ये उरलेले तांबे साधारणपणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातील तांब्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा याच्या दुप्पट, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे. ज्याला मोरचुदाची चिंता वाटते त्याने टाकीआधी मळ्याकडे पाहावे, कारण केवडा या रोगापासून वेल वाचवण्यासाठी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण १८८० च्या दशकापासून जगभर फवारले जाते, आणि नाशिक-सांगलीच्या खाण्याच्या द्राक्षांवरही ते फवारले जाते. फवारणी आणि तोडणी यांच्यात पुरेसे दिवस गेले की नाही, हा खरा तपासण्याजोगा प्रश्न आहे, आणि तो वाइन न पिणाऱ्या, पण हातगाडीवरून द्राक्षे घेणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

सायनाइडचा मुद्दा लवकर आटोपता येतो. संदेशातले ‘सायनाइड’ म्हणजे पोटॅशियम फेरोसायनाइड. वाइनमध्ये अतिरिक्त लोह किंवा तांबे आले तर त्याला निळ्या साक्याच्या रूपात खाली बसवण्यासाठी ते वापरले जाते. युरोपात त्यासाठी जाणकार तंत्रज्ञाची देखरेख सक्तीची आहे, कारण मात्रा चुकली तर धोका असतो. स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आल्यापासून वाइनमध्ये लोह उतरण्याचे प्रमाण घटले आणि ही पद्धत मागे पडली. त्यातला सायनाइडचा भाग लोहाशी घट्ट बांधलेला असतो. हेच द्रव्य ५३६ या क्रमांकाने मिठाच्या पाकिटांवर छापलेले असते, कारण ते मिठाचे खडे होऊ देत नाही.

मिथेनॉलबाबत मात्र मला अधिक काळजीपूर्वक लिहायचे आहे, कारण या शहराने २००४ मध्ये विक्रोळीत आणि २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूचे बळी पाहिले आहेत, आणि मालवणीत मेलेल्यांची संख्या शंभराच्या वर गेली होती. त्या दुःखाचा उपयोग अफवेला वजन आणण्यासाठी व्हावा, हे मला अत्यंत खटकते. द्राक्षाच्या सालीतल्या पेक्टिनपासून वाइनमध्ये थोडे मिथेनॉल नैसर्गिकरीत्याच तयार होते. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने, जिचा भारत २०११ पासून सदस्य आहे, त्याची मर्यादा लाल वाइनसाठी लिटरमागे ४०० आणि पांढऱ्या व गुलाबी वाइनसाठी २५० मिलिग्रॅम ठरवली आहे. संदेशाचा रोख डायमिथाइल डायकार्बोनेट या द्रव्यावर आहे. ते बाटली भरताना जंतू मारण्यासाठी लिटरमागे जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम घातले जाते आणि काही तासांत कार्बन डायऑक्साइड व मिथेनॉलमध्ये विघटित होते, हे खरे आहे. हिशेब केला तर एका ७५० मिलिलिटरच्या बाटलीत त्यातून सुमारे ७२ मिलिग्रॅम मिथेनॉल येते. दृष्टी जाण्याचा धोका ज्या प्रमाणापासून सांगितला जातो ते सुमारे १० मिलिलिटर शुद्ध मिथेनॉल, म्हणजे जवळजवळ ८००० मिलिग्रॅम आहे. मालवणीत लोकांना विकलेल्या दारूत औद्योगिक मिथेनॉलच मिसळलेले होते. त्या गुन्ह्याचा वाइनच्या कोणत्याही परवानगीप्राप्त मिश्रकाशी संबंध नाही.

ऑस्ट्रियाचे प्रकरणही असेच गुन्ह्याचे आहे. १९८५ मध्ये तेथील काही व्यापाऱ्यांनी पातळ वाइन गोड आणि भरदार लागावी म्हणून तिच्यात डायइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे संदेशातले ‘अँटिफ्रीझ’, मिसळल्याचे उघड झाले. ते तेव्हाही बेकायदा होते, आणि त्यानंतर ऑस्ट्रियाने आपला वाइन कायदा अतिशय कडक केला. त्याच द्रव्याने पुढच्याच वर्षी, १९८६ च्या सुरुवातीला, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरीनमधील भेसळीच्या रूपाने चौदा रुग्णांचे प्राण घेतले आणि त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. त्या घटनेनंतर कोणी औषधेच बनवू नयेत असे म्हटले नाही. औषध खात्याची तपासणी आणि खरेदीतला भ्रष्टाचार यांवर बोट ठेवले गेले, आणि ते योग्यच होते. भेसळ आणि मिश्रक यांना एकाच वाक्यात गुंफले की भेसळ करणारा सुटतो.

सल्फाइटचा मुद्दा संदेशाच्या केंद्रस्थानी आहे. सल्फाइट म्हणजे वाइनमध्ये विरघळलेले सल्फर डायऑक्साइडच, जे वाइन बिघडू नये म्हणून घातले जाते. पहिली गोष्ट, सल्फाइट अजिबात नसलेली वाइन जवळजवळ नसतेच, कारण यीस्ट स्वतःच आंबवताना सल्फर डायऑक्साइड तयार करते, बहुधा लिटरमागे १० ते २० मिलिग्रॅम. दुसरी गोष्ट, ‘युरोपात घालत नाहीत’ हे पूर्णपणे असत्य आहे. युरोपीय संघात कोरड्या लाल वाइनसाठी लिटरमागे १५० आणि कोरड्या पांढऱ्या वाइनसाठी २०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, गोड वाइनसाठी त्याहून अधिक. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या वाइनमध्येही तिथे सल्फाइटला बंदी नाही. मर्यादा कमी आहे, लाल वाइनला १०० आणि पांढरीला १५०. अमेरिकेत एकूण मर्यादा ३५० आहे आणि १९८७ पासून लिटरमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक सल्फाइट असल्यास लेबलवर ते लिहावे लागते. फ्रान्समध्ये विकत घेतलेल्या जुन्या बाटलीवर हा उल्लेख नसे, कारण तिथे हा नियम उशिरा, २००५ च्या अखेरीस आला. परदेशातून परतणाऱ्यांनी त्यावरून ‘तिकडच्या वाइनमध्ये नसतेच’ असा निष्कर्ष काढला आणि तोच आपल्यापर्यंत पोहोचला.

नाशिकबद्दलच्या आरोपात एक खरा प्रश्न दडलेला आहे. वाइनमध्ये जंतूंना रोखण्याचे काम सल्फर डायऑक्साइडचा सगळा साठा करत नाही. त्याचा ‘रेणवीय’ (मॉलेक्युलर) रूपातला छोटा हिस्सा करतो, आणि तो हिस्सा किती असेल हे वाइनच्या पीएचवर, म्हणजे आम्लतेच्या मापावर (आम्लता जास्त तितका पीएच कमी), अवलंबून असते. पीएच ३.२ असेल तर लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम मुक्त (इतर घटकांशी न बांधलेले) सल्फर डायऑक्साइड जे संरक्षण देते, तेच मिळवायला पीएच ३.८ असताना सुमारे ८० मिलिग्रॅम लागते. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होऊन तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. तोडणी लांबली आणि ऊन तापू लागले की द्राक्षातले मॅलिक आम्ल वेगाने खर्च होते, साखर भरपूर येते पण आम्ल कमी पडते आणि पीएच चढतो. त्यावर उपाय म्हणजे टार्टारिक आम्ल घालणे, जे द्राक्षाचे स्वतःचे मुख्य आम्ल आहे आणि चिंचेतही भरपूर असते. म्हणजे संदेशात ज्याचा ‘आम्ल ओततात’ असा उल्लेख आहे तेच आम्ल सल्फाइटची गरज पावपट करू शकते. चांगला वाइनमेकर पहाटेच्या गारव्यात तोडणी करतो, सडके मणी वेगळे काढतो, रस लगेच थंड करतो आणि आम्ल वेळेवर सांभाळतो. निष्काळजी वाइनमेकर हे सगळे टाळून शेवटी सल्फाइटची मात्रा वाढवतो. कोणत्या प्रदेशाची बाटली आहे यापेक्षा हे काम कसे झाले आहे, यावर मात्रा ठरते. थंड फ्रान्सची अडचण उलटी आहे. तिथे कमी उन्हाच्या वर्षांत साखरच कमी पडते, म्हणून बोर्दो आणि बर्गंडीसारख्या भागांत ठरावीक मर्यादेत रसात साखर घालण्याची मुभा आहे. शाप्ताल या रसायनतज्ज्ञाने ही पद्धत १८०१ मध्ये पुस्तकातून मांडली आणि तिला त्याचेच नाव मिळाले. कॅलिफोर्नियात आणि ऑस्ट्रेलियात तिला मनाई आहे.

डोकेदुखीचे कारण सल्फाइट आहे, हे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही, आणि साधे निरीक्षणही त्याच्या विरुद्ध जाते. पांढऱ्या वाइनमध्ये सहसा लाल वाइनपेक्षा जास्त सल्फाइट असते, तरी लोक डोकेदुखीची तक्रार करतात ती लाल वाइनबद्दल. शिऱ्यात आणि पुलावात पडणारे सोनेरी बेदाणे गंधकाची धुरी दिलेले असतात. युरोपीय नियमात बेदाणे आणि जर्दाळू यांना किलोमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, म्हणजे त्या मर्यादेवरच्या मूठभर, ५० ग्रॅम बेदाण्यांतून १०० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड पोटात जाऊ शकते, तर लिटरमागे १०० मिलिग्रॅम असलेल्या वाइनच्या एका पेल्यातून १५. बेदाणे खाऊन डोके धरून बसलेला माणूस विरळा. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी असे मांडले की लाल द्राक्षातल्या क्वेर्सेटिन या घटकाचे एक रूप, मद्यार्कापासून शरीरात बनणाऱ्या अॅसिटाल्डिहाइडचा निचरा करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवते आणि त्यामुळे डोके दुखत असावे. हा प्रयोग परीक्षानळीतला आहे, माणसांवरचा नाही, पण तो दिशा दाखवतो. पेल्यात टाकायचे जे ‘सल्फाइट काढणारे’ थेंब ऑनलाइन मिळतात त्यांत बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड असते. ते सल्फाइटचे सल्फेट करते आणि डोकेदुखीच्या कारणाला हात लावत नाही.

सल्फाइट सर्वांना निरुपद्रवी आहे, असा मात्र याचा अर्थ कोणी काढू नये. दम्याच्या काही रुग्णांना त्याने खरोखर धाप लागते आणि क्वचित जिवावर बेतते. अमेरिकेत सॅलडच्या भाज्या ताज्या दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर सल्फाइट मारण्याची प्रथा १९८६ मध्ये याच कारणाने बंद करण्यात आली. अन्नातील मिश्रकांवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने दिवसाला शरीराच्या किलोमागे ०.७ मिलिग्रॅम ही मर्यादा दिली आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२ मिलिग्रॅम. २०२२ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने उपलब्ध माहिती अपुरी आहे असे सांगून आपली हंगामी मर्यादा मागे घेतली आणि जास्त सेवन करणाऱ्यांविषयी चिंता व्यक्त केली. दम्याच्या रुग्णाने बेदाणे, बाटलीबंद सरबते आणि वाइन या तिन्हींच्या लेबलांकडे सारख्याच सावधपणे पाहिले पाहिजे.

पूर्वीची वाइन निखळ होती, ही समजूत इतिहासाला धरून नाही. इराणच्या झाग्रोस पर्वतातील हाजी फिरूझ टेपे येथे सापडलेल्या, सात हजार वर्षांपूर्वीच्या कुंभात द्राक्षाच्या अंशाबरोबर झाडाचा डिंकही आढळला. रोमन लोक शिशाच्या भांड्यांत द्राक्षरस आटवून तो पाक वाइनमध्ये घालत. सतराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या उल्म येथील एबरहार्ड गोकेल या वैद्याने पोटशुळाच्या साथीचा संबंध वाइन गोड करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शिशाच्या संयुगाशी जोडला, आणि १६९६ मध्ये व्युर्टेंबर्गच्या ड्यूकने त्यावर बंदी घातली. त्या निखळ मानल्या गेलेल्या काळापेक्षा आजची परवानगीची यादी कितीतरी सुरक्षित आहे.

वांद्रे, वसई, गोराई इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत नाताळसाठी वाइन केली जाते, तिच्याविषयी मला आदर आहे आणि ती परंपरा टिकावी असे मनापासून वाटते. परंतु ती ‘रसायनमुक्त’ असते, या दाव्यासाठी ती परंपरा वेठीला धरू नये. पुष्कळ घरांत ती बेदाण्यांपासून होते, आणि सोनेरी बेदाणा घेतला असेल तर धुरीचे सल्फाइट त्याच्याबरोबर बरणीत येतेच. काळी मनुका घेतली तर बहुधा येत नाही. घरच्या वाइनमध्ये अपाय होतो तो बहुधा अस्वच्छ बरणीमुळे आणि आंबवण पूर्ण होण्याआधी घट्ट बूच लावल्यामुळे. अशा बाटल्या फुटून जखमा होतात.

कंपन्या लपवतात, या आरोपात तथ्य आहे, आणि त्याचे कारण कायदाच आहे. जगभर मद्यांना घटकांची यादी छापण्यापासून दीर्घकाळ सूट मिळत आली. युरोपीय संघाने ती सूट वाइनपुरती संपवली: ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनवर घटक आणि पोषणमूल्ये देणे बंधनकारक आहे, मग ते लेबलवर असो वा क्यूआर कोडमागे. त्या यादीत मिश्रके येतात, साहाय्यक द्रव्ये येत नाहीत. अॅलर्जी देणारी द्रव्ये मात्र बाटलीवरच लिहावी लागतात. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मद्यांविषयीची मानके १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली. आपल्या बाटलीवर आरोग्याचा इशारा असतो आणि परिरक्षकाची नोंद असते, पण आम्ल किती घातले, कशाने निवळली, हे ग्राहकाला कळत नाही. संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी तीच शक्ती ही यादी मागण्यासाठी वापरली तर ती सत्कारणी लागेल.

राहिला शेवटचा दावा, नैसर्गिक वाइन कितीही प्यायली तरी बाधत नाही हा. साडेबारा टक्क्यांच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ७४ ग्रॅम मद्यार्क असतो. लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या हिशेबाने त्याच बाटलीत सल्फर डायऑक्साइड असते ७५ मिलिग्रॅम, म्हणजे मद्यार्काच्या एक हजारांश. कर्करोगावरील संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मद्यांना १९८८ मध्येच कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की मद्यार्काचे निर्धोक म्हणावे असे कोणतेही प्रमाण नाही. मद्यार्क हा कोणी बाहेरून घातलेला नसतो. तो द्राक्षाच्या साखरेपासून यीस्टने बनवलेला, संपूर्णपणे नैसर्गिक पदार्थ आहे. सल्फाइट न घातलेल्या, मातीने न निवळलेल्या, आजीच्या बरणीतल्या किंवा महागड्या ‘नैसर्गिक’ बाटलीतल्या वाइनमध्येही, साखर तितकीच आंबली असेल तर, तो तेवढाच, ७४ ग्रॅम असतो.